भाऊ, भाऊबंदकी आणि फुटबॉल

१

दोस्तहो, आधी आपल्याच घरातलं बोलतो. दुसऱ्याच्या घरावर दगड मारायला आपल्याला येतंच.

आपल्या कवितेत आफ्रिका फार येते. माझ्याही कवितेत आली. दर दोन कवितांआड एक नगारा वाजतो, एक काळी मूठ वर येते, बेड्या खळाखळा तुटतात आणि समुद्रापलीकडून एक काळा भाऊ आपल्याला हाक मारतो. भावना खोटी नाही. १९७२ साली मुंबईत पोरांनी संघटना काढली तेव्हा तिचं नावच मुळी अमेरिकेतल्या काळ्या पँथरांवरून घेतलं. हे नातं कमावलेलं आहे. पण लिहिताना आपण एक लबाडी करतो. त्या काळ्या भावाला आपण नाव देत नाही, गाव देत नाही, पोटाचा धंदा देत नाही. तो घानाचा की नायजेरियाचा, खाणीतला की तेलविहिरीवरचा, शेजाऱ्याशी त्याचं पटतं की नाही, काही म्हणजे काही नाही. नुसता काळा. गोऱ्या साहेबानेही त्याला असंच पाहिलं होतं. साहेबाने थुंकून पाहिलं, आपण ओवाळून पाहतो, एवढाच फरक.

गावकुसाबाहेरचा सगळा माणूस सवर्ण लेखकाने एकाच मापात कोंबला म्हणून आपण त्याची कॉलर धरतो. मग आपण हे काय करतो?

आफ्रिकेत चोपन्न देश आहेत आणि ते १९५७ पासून आपसात फुटबॉलचा कप खेळतात. त्या मैदानावर एकच नगारा वाजत नाही. तिथे भाऊ आहे आणि भाऊबंदकीही आहे. शेजारच्या देशाची बस फोडणारे आहेत आणि तुरुंग फोडणारेही आहेत. पाळी संपल्यावर जमेल तसं वाचून मी हे गोळा केलं. मी काही यातला पंडित नाही. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. राष्ट्राचा अभिमान म्हणतात तो मैदानावर येतो कुठून? आणि त्याचं बिल कोण भरतं?

२

आधी उजळ बाजू सांगतो, कारण ती खरोखर उजळ आहे.

फेब्रुवारी १९५७. सुदानचं खार्टूम. इजिप्त, सुदान, इथिओपिया आणि दक्षिण आफ्रिका एवढ्यांनी मिळून आफ्रिकेचा फुटबॉल संघ उभा केला आणि पहिला कप भरवला. दक्षिण आफ्रिकेचा गोरा कारभारी म्हणाला, आमची टीम एकतर सगळी गोरी येईल, नाहीतर सगळी काळी; मिसळून येणार नाही. बाकीच्यांनी ते मानलं नाही. तीनच देश खेळले, इजिप्तने इथिओपियाला ४-० ने हरवून कप नेला. कप छोटा होता, पण पहिल्याच दिवशी पंगतीचा नियम ठरला: पाने वेगळी मांडणार असाल तर पंगतीला बसू नका. जगाच्या फुटबॉलचा कारभार बघणाऱ्या फिफाला एवढी अक्कल यायला पुढे कित्येक वर्षं लागली. तिने दक्षिण आफ्रिकेला १९६१ साली निलंबित केलं, १९६३ साली पुन्हा पदरात घेतलं, १९६४ साली परत निलंबित केलं आणि हाकललं ते १९७६ साली.

दुसरी गोष्ट अल्जीरियाची. १९५८ चा एप्रिल. फ्रान्सच्या नामांकित क्लबांत खेळणारे अल्जीरियन खेळाडू गुपचूप निघाले आणि ट्युनिसला जाऊन स्वातंत्र्याच्या लढाईला मिळाले. रशीद मेखलूफी त्यात होता, मुस्तफा झितूनी होता. वर्ल्ड कप दोन महिन्यांवर आला होता आणि झितूनी फ्रान्सकडून खेळणार हे धरूनच चाललं होतं. पगार, नाव, घर सगळं सोडून ही पोरं १९६२ पर्यंत देशोदेशी अशा देशाच्या नावाने खेळत फिरली, जो नकाशावर अजून झालाच नव्हता. फिफाने त्यांना मान्यता दिली नाही. अडलं कुणाचं?

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी. १९६६ च्या वर्ल्ड कपात जागा सोळा. त्यातल्या दहा युरोपच्या, चार दक्षिण अमेरिकेच्या, एक उत्तर-मध्य अमेरिकेची. उरलेल्या एका जागेवर आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडच्या सगळ्या देशांनी मिळून झुंजायचं. निम्म्याहून जास्त जग आणि खुर्ची एक! घानाचा ओहेने जान आणि इथिओपियाचा टेसेमा यांनी हे हाणून पाडायचं ठरवलं. घाना तेव्हा आफ्रिकेचा राजा होता. १९६३ आणि १९६५ असे लागोपाठ दोन कप त्याने जिंकले होते. एन्क्रुमाने टीमचं नाव ठेवलं होतं काळे तारे, मार्कस गार्वीच्या जहाज कंपनीच्या नावावरून. जागा मिळवायची सर्वांत जास्त संधी ज्याला होती, तोच बाहेर पडायला पुढे झाला. आफ्रिकेचे पंधरा देश बाहेर पडले. एकमेकांचे कट्टर वैरी असलेले देश एका रांगेत उभे राहिले.

दोस्तहो, बहिष्कार हा शब्द आपल्या अंगावरचा आहे. गाव आपल्यावर घालायचं तो बहिष्कार: पाणी बंद, दुकान बंद, दळण बंद. बाबासाहेबांनी १९२४ साली सभेला नाव दिलं बहिष्कृत हितकारिणी, १९२७ साली पत्राला नाव दिलं बहिष्कृत भारत. डाग म्हणून मारलेला शब्द त्यांनी छातीवर लावला. आफ्रिकेच्या देशांनी १९६६ साली तोच शब्द हातात घेऊन उलटा फिरवला. तुम्ही आम्हाला दारात उभं करता? मग आम्हीच येत नाही. पुढच्याच, १९७० च्या वर्ल्ड कपाला आफ्रिकेची हक्काची जागा मिळाली आणि मोरोक्को गेला. २०२६ च्या वर्ल्ड कपासाठी आफ्रिकेला थेट नऊ जागा ठरल्या. त्या कुणी दान म्हणून दिल्या नाहीत. न खेळता जिंकलेली ती मॅच आहे.

३

आता बिलाकडे येतो.

१६ जून १९७६ ला सोवेटोत शाळकरी पोरांवर गोळ्या झाडल्या. त्याच दिवसांत न्यूझीलंडचा रग्बी संघ दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांबरोबर खेळायला गेला. आफ्रिकेच्या देशांनी मागणी केली, न्यूझीलंडला माँट्रियल ऑलिम्पिकमधून काढा. ती मान्य झाली नाही. वीसहून जास्त देश बाहेर पडले. बहिष्कार योग्यच होता, मी त्याची एक वीटही काढत नाही. पण टांझानियाचा फिल्बर्ट बायी घरी बसला, हे आपण कुठे लिहितो? १५०० मीटरचा जागतिक विक्रम त्याच्या नावावर होता. १९७४ साली त्याने तो केला तेव्हा त्याच्या मागोमाग न्यूझीलंडचा जॉन वॉकर आला होता. माँट्रियलला बायी नव्हता आणि सोनं वॉकरने नेलं. म्हणजे ज्या देशाविरुद्ध बहिष्कार, त्याच्याच गळ्यात मेडल.

केनियाचा हेन्री रोनो पाहा. १९७८ साली ८१ दिवसांत त्याने चार जागतिक विक्रम मोडले. असा माणूस ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर कधी उतरलाच नाही. १९७६ ला केनिया बाहेर पडला सोवेटोसाठी. १९८० ला मॉस्कोतून बाहेर पडला तो अमेरिकेच्या बाजूने. हा दुसरा बहिष्कार आफ्रिकेचा नव्हताच. रशिया अफगाणिस्तानात घुसला म्हणून अमेरिकेला तो हवा होता. आणि त्यासाठी आफ्रिकेत दूत म्हणून कुणाला पाठवलं? मुहम्मद अलीला. आपल्या खोल्यांतून ज्याचे फोटो लागले त्या अलीला. टांझानियात लोकांनी त्याला तोंडावर विचारलं, १९७६ ला आम्ही बाहेर पडलो तेव्हा तुमची अमेरिका कुठे होती? न्येरेरेने त्याला भेटसुद्धा दिली नाही. टांझानिया मॉस्कोला गेला आणि बायीने तिथे अडथळ्यांच्या शर्यतीत चांदी मिळवली. रोनो मात्र पुढे दारूत गेला, अमेरिकेत विमानतळावर सामान उचलायचं काम केलं, २०२४ साली वारला.

अली आपला आहे. तो चुकला हेही आपलंच आहे. दोन्ही लिहिलं तर अली लहान होत नाही. आपण मात्र थोडे मोठे होतो.

४

१९७४ हे साल मनात ठेवा. जानेवारीत वरळीला दंगल झाली. बीडीडी चाळीतल्या आपल्या माणसांनी काय भोगलं ते मी सांगायला नको. भागवत जाधव गेला तो त्याच महिन्यात. आणि त्याच वर्षी भारताचा टेनिस संघ डेव्हिस कपाच्या फायनलला पोचला. समोर दक्षिण आफ्रिका. भारताने वर्णभेदाच्या निषेधात खेळायला नकार दिला आणि कप सोडून दिला. नकार बरोबर होता, त्याला माझा सलामच आहे. पण झेंडा परदेशात एक तोंड दाखवतो आणि चाळीत दुसरं, हेही त्या सालाने शिकवलं.

आता त्याच सालातलं झाईरे. आज त्याला काँगो म्हणतात. तिथे मोबुटूची हुकूमशाही. डोक्यावर बिबट्याच्या कातड्याची टोपी, टीमचं नावही बिबटे. मार्चमध्ये झाईरेने आफ्रिकेचा कप जिंकला. एनदाये मुलाम्बाने त्या कपात नऊ गोल केले. झांबियाबरोबरची फायनल २-२ सुटली म्हणून पुन्हा खेळवली, ती २-० ने जिंकली. दोन्ही वेळचे चारही गोल त्याचेच. मोबुटूने घरं दिली, गाड्या दिल्या. मग जूनमध्ये टीम वर्ल्ड कपाला जर्मनीला गेली. सहाराच्या खालच्या आफ्रिकेतली तिथे गेलेली पहिली टीम. पहिली मॅच स्कॉटलंडशी, ०-२. तोवर खेळाडूंना कळलं, की आपले पैसे मधल्या साहेबांनी खाल्ले. ते खेळणार नाही म्हणाले. कसेबसे उतरले आणि युगोस्लाव्हियाकडून ०-९ ने हरले.

शेवटची मॅच ब्राझीलशी. ब्राझीलला फ्री किक मिळाली. शिट्टी झाली आणि झाईरेच्या भिंतीतून म्वेपू इलुंगा धावत सुटला आणि त्याने बॉल स्वतःच लांब उडवून दिला. सगळं जग हसलं. हे जंगली, यांना नियमसुद्धा माहीत नाहीत. टीव्हीवर ते चित्र वर्षानुवर्षं विनोद म्हणून फिरवलं गेलं. बऱ्याच वर्षांनी म्वेपूने सांगितलं, की नियम मला पक्का माहीत होता. मोबुटूच्या माणसांनी धमकी दिली होती, तीनपेक्षा जास्त गोलांनी हराल तर घरी येऊ नका. पैसा मिळाला नव्हता, जिवाला घोर होता, वेळ काढायचा होता. ती मॅच ०-३ सुटली. तीनच.

गोऱ्यांना ज्यात अडाणीपणा दिसला ते भ्यालेल्या आणि संतापलेल्या कामगाराचं काम होतं. साचा बंद पाडणाऱ्या माणसाला बाहेरचे मूर्खच म्हणतात. आपली समीक्षा इथे पाहिजे. कविता वाचताना ओळीमागचा माणूस शोधायचा आणि फ्री किक बघतानाही तोच शोधायचा.

मुलाम्बाचं काय झालं? १९९४ साली त्याचा मोठा सन्मान झाला. घरी परतल्यावर त्याच्याकडे पैसा असेल म्हणून बंदूकवाले आले आणि त्याच्या पायात गोळी घातली. ज्या पायाने नऊ गोल केले तो पाय. पुढे निर्वासित होऊन तो दक्षिण आफ्रिकेत गेला, गरिबीत राहिला, २०१९ साली वारला. आफ्रिकेच्या एका कपातला नऊ गोलांचा विक्रम मरतानाही त्याच्याच नावावर होता.

हे एकट्या मोबुटूचं नाही. २००० साली आयव्हरी कोस्टची टीम पहिल्याच फेरीत बाद झाली. महिन्याभरापूर्वीच गादी बळकावलेल्या जनरल गेईने सगळी टीम लष्करी छावणीत डांबली. शिस्त शिकवायला! राजवाड्याला टीम हवी असते ती सतरंजीसारखी. पाहुणे आले की अंथरायची, डाग पडला की झोडपायची.

५

आता शेजाऱ्यांकडे. घाना आणि नायजेरिया. फुटबॉलचं वैर असं, की २०२२ च्या मार्चमध्ये घानाने अबुजात १-१ बरोबरी करून नायजेरियाची वर्ल्ड कपाची वाट अडवली तेव्हा चिडलेले प्रेक्षक मैदानात घुसले आणि मोडतोड केली. लोक म्हणतात, भावाभावांची चुरस. खरं आहे. पण या भावांच्या वहीत आणखी एक हिशेब आहे.

नोव्हेंबर १९६९ ला घानाच्या बुसिया सरकारने हुकूम काढला: कागदपत्रं नसलेल्या परदेशी माणसांनी दोन आठवड्यांत चालतं व्हावं. लाखोंना जावं लागलं. त्यात सर्वांत जास्त नायजेरियाचे. पिढ्यान् पिढ्या दुकानं टाकून बसलेले, कोकोच्या मळ्यात राबलेले. पुढे फासे उलटले. नायजेरियाला तेल लागलं आणि घानाची माणसं कामाला तिकडे गेली. मास्तर, गवंडी, मोलकरणी, गोदीतले हमाल. मार्च १९८२ ला घानाने लिबियात जाऊन आफ्रिकेचा कप चौथ्यांदा जिंकला. फायनल पेनल्टीवर गेली होती. अबेदी पेले तेव्हा सतरा वर्षांचा पोरगा. लागोसमधल्या घानाच्या मजुरांची छाती तेव्हा किती फुगली असेल याचा अंदाज करा.

दहा महिने गेले. जानेवारी १९८३. तेलाचा भाव पडला होता, निवडणूक तोंडावर होती. शगारी सरकारने तसाच हुकूम काढला: दोन आठवडे. दहा लाखांवर घानाची माणसं रस्त्यावर आली. मध्ये बेनिन, मध्ये टोगो, आणि घानाने आपलीच हद्द बंद ठेवलेली. ती उघडेपर्यंत माणसं रस्त्यावर, बंदरावर, ट्रकवर अडकली. सामान कोंबलं ते चौकडीच्या मोठ्या प्लास्टिक पिशव्यांत. आपल्याकडे एसटी स्टँडवर दिसतात तसल्याच. त्या पिशवीला पश्चिम आफ्रिकेत नावच पडलं, घाना चालता हो.

कप दाखवून मजुराला हद्दीवर कुणी आत घेतलं नाही. तुमची टीम चॅम्पियन आहे म्हणून कुणाचा पगार चुकता झाला नाही. मी गिरणीत आहे. मला यातलं एवढं कळतं, की भाव पडला की मालकाच्या आधी बदली कामगार घरी जातो. बदली कामगाराचा पासपोर्ट वेगळा असला की हाकलणं सोपं जातं, आणि हाकलणाऱ्याला देशप्रेमीही म्हणतात. मैदानावरची चुरस वाईट नाही. तिच्यातून मजुराला वैरी ठरवायचं काम मैदानाबाहेरचे करतात.

६

इजिप्त आणि अल्जीरियाचं उदाहरण याहून स्पष्ट आहे. नासेरच्या इजिप्तने अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धाला मदत केली, स्वातंत्र्यानंतर शिकवायला मास्तर पाठवले. एवढं नातं. आणि नोव्हेंबर २००९ ला वर्ल्ड कपाच्या एका जागेसाठी काय झालं? कैरोत अल्जीरियाच्या टीमची बस दगडांनी फोडली, खेळाडूंची डोकी फुटली. इजिप्तची वर्तमानपत्रं म्हणाली, त्यांनी आतून स्वतःच काचा फोडल्या. इजिप्तने ती मॅच २-० ने जिंकली, दुसरा गोल जादा वेळेत. दोघांचा हिशेब बरोबर झाला, म्हणून तिसऱ्याच्या अंगणात, सुदानच्या ओमदुरमानला निकाल. अल्जीरिया १-०. त्याच दिवसांत अल्जीरियात इजिप्तच्या कंपनीची कार्यालयं फोडली, कैरोत अल्जीरियाच्या वकिलातीवर जमाव गेला आणि इजिप्तने राजदूत परत बोलावला.

मॅचला कोण हजर होतं? होस्नी मुबारकचे दोन्ही मुलगे. त्यातला एक, गमाल, बापाच्या गादीवर बसायच्या तयारीत होता. दुसरा, अला, टीव्हीवर फोन करून देशाच्या अपमानावर गरजत होता. ज्या देशात भाकरीच्या रांगेत माणसं मेली होती तिथे राजपुत्रांना अपमान दिसला तो एका गोलात.

पण पुढचं ऐका. जानेवारी २०११ ला तहरीर चौकात लोक उठले तेव्हा पोलिसांच्या लाठीपुढे कोण होते? अहली आणि झमालेक या एकमेकांच्या हाडवैरी क्लबांची पोरं. वर्षानुवर्षं स्टेडियममध्ये पोलिसांशी झटापट करून ती तयार झाली होती. वैर बाजूला ठेवून ती एका फळीत लढली. मुबारक गेला. पुढच्या वर्षी १ फेब्रुवारी २०१२ ला पोर्ट सईदच्या मैदानात हल्ला झाला आणि सत्तरहून जास्त माणसं मेली. मेलेली बहुतेक अहलीची पोरं. पोलीस बघत उभे राहिले. चौकात उभं राहिल्याचं हे बिल, असं ती पोरं म्हणाली.

७

सर्वांत अवघड गोष्ट दक्षिण आफ्रिकेची, कारण तिथे आपलं काळीज गुंतलेलं आहे.

३ फेब्रुवारी १९९६. ज्या देशाला १९५७ साली पंगतीत घेतलं नव्हतं त्याच्याच घरी कप. टीम मिसळलेली. फायनलला ट्युनिशियावर २-०, मंडेला टीमचा शर्ट घालून उभे, कप उचलणारा कॅप्टन गोरा. डोळे भरून यावेत असाच दिवस. पण आधीचा विजेता नायजेरिया आलाच नव्हता. का? नायजेरियाच्या हुकूमशहाने, अबाचाने, १० नोव्हेंबर १९९५ ला केन सारो-विवा या लेखकाला आणि आठ जणांना फाशी दिली. ओगोनी लोकांच्या जमिनीत तेल कंपन्यांनी घातलेल्या घाणीविरुद्ध ते लढत होते. मंडेलांनी जाहीर निषेध केला. अबाचाला झोंबलं आणि त्याने टीम मागे घेतली. नाव काय? देशाचा अपमान! फाशी गेलेला लेखक देशाचा नव्हता जणू. इथेही बहिष्कारच आहे. पण १९६६ चा बहिष्कार आणि हा एकाच शब्दात बसवू नका. तो दारात उभं केलेल्यांनी केलेला होता, हा फास आवळणाऱ्याने केलेला. त्याच नायजेरियाच्या पोरांनी उन्हाळ्यात अटलांटाला ब्राझील आणि अर्जेंटिनाला हरवून ऑलिम्पिकचं सोनं घेतलं. एवढ्या ताकदीची टीम अबाचाने कपाच्या वेळी घरात कोंडली होती.

आणि दक्षिण आफ्रिका? मे २००८ ला अलेक्झांड्रा वस्तीपासून सुरुवात झाली. झिंबाब्वेचे, मोझांबिकचे मजूर शोधून मारले. साठहून जास्त माणसं मेली. मारणारेही काळे, गरीब, बिनकामाचे. २०१९ ला पुन्हा परदेशी काळ्यांची दुकानं लुटली, जाळली. तेव्हा झांबियाने दक्षिण आफ्रिकेबरोबरची ठरलेली मॅच रद्द केली. त्या जागी मादागास्करला बोलावलं, तोही आला नाही. दोस्तहो, झांबियाची राजधानी लुसाका. वर्णभेदाच्या काळात मंडेलांच्या पक्षाचं परागंदा कार्यालय तिथेच होतं. ज्यांनी आसरा दिला त्यांनाच, त्याच देशावर, तेच जुनं हत्यार उगारावं लागलं. मला यात आफ्रिकेची नामुष्की दिसत नाही. १९५७ चा पंगतीचा नियम कातडीच्या रंगावर नव्हता, वागण्यावर होता. तो नियम साठ वर्षांनी काळ्या सरकारलाही लागू झाला.

८

अभिमान राजवाड्याच्या हातून काढून घेणारेही आहेत. त्यांच्याकडे आपण बघतच नाही.

नायजेरियाच्या बायकांची टीम घ्या. २००४ साली कप जिंकून झाल्यावर या बायका दक्षिण आफ्रिकेतल्या हॉटेलातून हलेनात. आमचा बोनस द्या. २०१६ ला पुन्हा कप जिंकला, पुन्हा पैसे नाहीत. अबुजातल्या हॉटेलात ठाण मांडलं आणि कप घेऊन संसदेवर मोर्चा नेला. पैसे मिळाले. देशाची अब्रू घालवली म्हणणारे होतेच. गेटवर बसलेल्या कामगारालाही हेच ऐकावं लागतं. जिंकून दिलेल्या कपावर आपला हक्क सांगणं, हा मला एकाही गोलापेक्षा कमी वाटत नाही.

२००५ ला आयव्हरी कोस्टची टीम वर्ल्ड कपाला पात्र ठरली तेव्हा द्रोग्बा कॅमेऱ्यापुढे गुडघ्यावर बसला आणि लढणाऱ्या दोन्ही बाजूंना म्हणाला, हत्यारं खाली ठेवा. २००७ ला बंडखोरांच्या बुआकेत मॅच खेळवली. मोठी गोष्ट होती. पण २०१०-११ ला पुन्हा रक्त सांडलं. फुटबॉलने युद्ध थांबतं असं कुणी सांगितलं तर मान हलवू नका. अस्सल इथला कोण, परका कोण, हा वाद मिटल्याशिवाय कुठली मॅच पुरी पडणार?

आणि फेयिसा लिलेसा. २०१६, रिओ. मॅरेथॉनमध्ये दुसरा आला. अंगावर इथिओपियाचा शर्ट. शेवटची रेघ ओलांडताना त्याने दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटं एकमेकांवर ठेवली, बांधलेल्या कैद्यासारखी. ती खूण ओरोमो लोकांच्या आंदोलनाची होती. जमिनी वाचवायला उठलेल्या त्याच्या माणसांवर त्याच्याच देशाचे पोलीस गोळ्या घालत होते. चांदी मिळवली देशाला आणि त्याच क्षणी देशाला जाब विचारला. दोन वर्षं त्याला घरी जाता आलं नाही, २०१८ ला परतला.

त्याला देशद्रोही म्हणाल की देशभक्त? आपल्याला हा प्रश्न नवा नाही. शर्ट देशाचा आणि हात आपल्या माणसांचे, ही आपलीही स्थिती आहे.

९

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. आफ्रिकेतल्या देशांची मैदानावरची चुरस पाहून कपाळाला हात लावू नका, काळ्यांची एकी कुठे गेली म्हणून रडू नका. एकी म्हणजे चुरस नसणं नव्हे. १९६६ ला एकत्र बाहेर पडलेले देश त्याच्या आधीही आपसात त्वेषाने खेळत होते आणि नंतरही खेळले. बिघडतं ते चुरशीमुळे नाही. अभिमान राजवाड्यात जमा होतो आणि बिल वस्तीत येतं, तेव्हा बिघडतं. म्हणून दर वेळी तीन गोष्टी बघा: झेंडा कुणाच्या हातात, पैसा कुणाच्या खिशात, आणि उद्या हद्दीवर पिशवी घेऊन कोण उभं राहणार.

ही कसोटी आपल्यालाही लावा. आपल्यात गट आहेत, पोटजाती आहेत, जयंतीच्या मिरवणुकीत कुणाचा आवाज मोठा याची चुरस आहे. असू दे. पण शेजारच्या वस्तीतला महार, मांग, चांभार, ढोर आपला वैरी आहे असं कुणी सांगायला आलं, की आधी बघा तो कुणाच्या गाडीतून उतरला.

आणि कवी दोस्तांनो, पुढच्या अंकाला कविता पाठवताना एक करा. आफ्रिका आणायची तर खुशाल आणा. पण नगारा जरा बाजूला ठेवा. मुलाम्बाचा पाय आणा, म्वेपूची भीती आणा, लागोसहून निघालेली चौकडीची पिशवी आणा, हॉटेल न सोडणाऱ्या बायका आणा. भावाचं नाव विचारा, त्याचं गाव विचारा, त्याच्या शेजाऱ्याशी त्याचं काय भांडण आहे तेही विचारा. एवढं विचारल्यावर तो जे सांगेल ते लिहा. मग त्याला भाऊ म्हणा.

जय भीम.